शेत तुमचे, पीक परक्याचे, तुरुंग कोणाला?



गणपती उठले की कपाशी छातीला लागते, तूर माणसाला झाकू लागते आणि ऊस तर कधीच डोक्यावरून गेलेला असतो. या दिवसांत बांधावर उभे राहून पाहिले तर आपल्याच शेताच्या मधोमध काय वाढते आहे ते आपल्यालाही दिसत नाही. याच आडोशाचा फायदा घेऊन काही ठिकाणी कपाशीच्या, तुरीच्या, उसाच्या ओळींत गांजाची झाडे लावली जातात. दिवाळीच्या मागेपुढे धाड पडते, झाडे उपटून मोजली जातात, पंचनामा होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. वाचणारा पान उलटतो. ज्याच्या घरचा माणूस गेला त्या घराला मात्र पुढची कित्येक वर्षे ते पान उलटता येत नाही.

बोंडअळीवर, हुमणीवर, खताच्या मात्रेवर आपण नेहमी बोलतो. आजच्या विषयावर फवारणी चालत नाही. कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोर्टात टिकत नाही, म्हणून तो अगोदर ठाऊक करून घेतलेला बरा. मी वकील नव्हे. माझी सारी नोकरी तुमच्या बांधावर गेली. पण गावोगावच्या बैठकांत या बाबतीत जे प्रश्न मला विचारले जातात, त्यांची उत्तरे प्रत्येक घरात, विशेषतः घरातल्या बायामाणसांपर्यंत पोचावीत अशी इच्छा आहे.

खसखस दुकानात चालते, मग शेतात का नाही?

हा प्रश्न नेहमीचा. दिवाळीच्या अनारशांना लागणारी खसखस आपण वाण्याकडून उघडपणे आणतो. तीच मूठभर वाफ्यात टाकली तर गुन्हा कसा?

त्याचे असे आहे. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बियांत नशा नाही म्हणून कायद्याने बी वगळले आहे. पण त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो ती अफू. म्हणून बी खाण्यास मोकळीक, पण झाड लावण्यास बंदी. भांगेचेही तसेच. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे, बोंडाचे शेंडे. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. तरीदेखील झाडाची लागवड मात्र सरसकट बंद आहे. पानांसाठी लावले, देवासाठी लावले, गुरांच्या औषधासाठी लावले, अशी कारणे सांगून सुटका होत नाही.

हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्याचे लांबलचक नाव गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ असे आहे. पोलीस आणि वकील त्याला एन.डी.पी.एस. म्हणतात. त्यापूर्वी १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे आणि १९३० चा घातक द्रव्यांचा कायदा होता. ब्रिटिश अमदानीत सरकारी परवान्यावर गांजा पिकत असे, हे काही जुन्या माणसांनी वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. ते दिवस गेले.

‘मग मंदसौरकडे अफू कशी पिकते?’ हा पुढचा प्रश्न. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील ठरावीक भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने औषधांसाठी अफू पिकविली जाते. ग्वाल्हेरचे केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो परवाना देते, त्याचे अधिकारी शेत मोजतात आणि निघालेली सर्व अफू सरकारलाच घालावी लागते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला असा परवाना नाही. उत्तराखंडाने धाग्यासाठी आणि बियांसाठी कमी नशेच्या भांगेला, म्हणजे नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणाला, परवाने देण्यास २०१८ साली सुरुवात केली. ती बातमी फिरत फिरत आपल्याकडे येईपर्यंत ‘सरकारने गांजाला परवानगी दिली’ अशी होऊन येते. मोबाईलवर आलेल्या असल्या निरोपावर विसंबून कोणीही बी टाकू नये.

२०१२ च्या आरंभी बीड जिल्ह्यात परळी भागात अफूची उभी शेते सापडली, तेव्हा ‘आम्ही खसखस म्हणून लावली’ असेच कित्येकांचे म्हणणे होते. गुन्हे दाखल व्हायचे ते झालेच.

शिक्षा किती?

गांजाचे झाड लावण्याबद्दल १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे झाडांच्या संख्येची अट नाही. परसात एक झाड असले तरी ती लागवडच. शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतील. अफूचे झाड लावण्यालाही १० वर्षे आणि १ लाख रुपये हीच मर्यादा आहे.

माल काढून ठेवला, वाळवला, पोत्यात भरला की दुसरे कलम लागते आणि तेथे वजन पाहिले जाते. २००१ च्या दुरुस्तीपासून अल्प प्रमाण, मधले प्रमाण आणि व्यापारी प्रमाण अशा तीन पायऱ्या आहेत. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. शिक्षा १ वर्षापर्यंत. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण. तेथे शिक्षा कमीत कमी १० वर्षे, जास्तीत जास्त २० वर्षे, आणि दंड १ ते २ लाख रुपये. अफूच्या वाळलेल्या बोंडांना आणि काडाला व्यापारी प्रमाण ५० किलोचे, तर खुद्द अफूला अवघे अडीच किलोचे आहे.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा. धाडीत झाडे ओली असतात. मुळे, खोड, पाने यांसकट ती काट्यावर चढली की २० किलोची रेघ ओलांडायला वेळ लागत नाही. वजन केवळ फुलोऱ्याचे धरावे की सबंध झाडाचे, यावर कोर्टात वाद होतात, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात व्याख्येतील या फरकाकडे लक्ष वेधले होते. पण हा वाद माणूस आत गेल्यानंतर घालायचा असतो, हे विसरू नये.

प्रमाण व्यापारी ठरले की जामीन अतिशय अवघड होतो. हा माणूस दोषी नसावा असे मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी न्यायाधीशांना पटाव्या लागतात. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात. १८० दिवस म्हणजे किती? कपाशीची वेचणी चालू असताना माणूस आत गेला, तर गहू-हरभऱ्याची काढणी होऊन पुढच्या नांगरटीची वेळ येते. तोवर पिकाला पाणी कोणी द्यायचे, सोसायटीचा हप्ता कोणी भरायचा, म्हशीची धार कोणी काढायची? शिक्षा व्हायच्या आधीच घराला ही शिक्षा भोगावी लागते.

बटईचे शेत आणि सातबाऱ्यावरचे नाव

एका गावी बैठक संपल्यावर एक वयस्कर बाई मागे थांबल्या. तीन एकर त्यांच्या नावावर, मालक वारलेले, मुलगा पुण्याला कामाला, शेत अर्धलीने दिलेले. त्या म्हणाल्या, ‘साहेब, मी शेतात जाते ती वर्षातून एकदा, वेळा अमावस्येला. वाटेकऱ्याने काही भलते लावले तर मलाही धरतील का?’

हा प्रश्न आज हजारो घरांचा आहे. शेत बटईने, अर्धलीने, खंडाने, ठोक्याने देऊन मालक शहरात राहतो. कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, ज्याने लागवड केली तो गुन्हेगार. दुसरी, आपली जागा असल्या कामाला जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकालाही तीच शिक्षा. येथे ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला खरोखर माहीत नव्हते तो गुन्हेगार ठरत नाही. पण तपास सुरू होतो तो सातबाऱ्यापासून. गट नंबर काढला की पहिले नाव येते ते तुमचे. आणि आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असे हा कायदा सुरुवातीला धरून चालतो. तसा हेतू नव्हता, आपल्याला माहीत नव्हते, हे आरोपीने दाखवून द्यायचे असते. चोरीच्या खटल्यात सरकारने सगळे सिद्ध करायचे असते. येथे काही भार आपल्या डोक्यावर येतो.

तिसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या जमिनीत अशी लागवड आहे असे कळताच पोलिसांना ताबडतोब खबर देणे हे जमीनधारकाचे कर्तव्य म्हणून कायद्याच्या ४६ व्या कलमात लिहिले आहे. माहीत असून जो गप्प बसेल तोही शिक्षेस पात्र. ४७ वे कलम सरपंच, पंच आणि गावच्या सर्व कामगारांवर, तसेच प्रत्येक सरकारी नोकरावर हीच जबाबदारी टाकते. ‘गावात वैर कशाला घ्या’ असे म्हणून डोळेझाक करणाऱ्या सरपंचाने हे कलम एकदा वाचावे.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले, की भिऊ नका, पण शेतात वर्षातून एकदा जाणे पुरेसे नाही. मुलगा सुटीला येईल तेव्हा त्याला घरात बसू देऊ नका. सरळ शेतात घेऊन जा आणि ओळीओळीतून फिरा.

न्यायालय काय पाहते

या कायद्यात सापडला की संपला, असा मात्र समज करून घेऊ नका. उत्तर प्रदेशातील एका शेतकऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शेतात गांजाची १० झाडे सापडली होती. जमीन त्या एकट्याची नव्हती, वडील-भावांचा संबंध होता, आणि त्यानेच ती झाडे लावली, जोपासली याचा पुरावा सरकारपक्षाला देता आला नव्हता. असे झाड आपोआपही उगवते, नुसते झाड सापडले म्हणजे लागवड सिद्ध झाली असे नव्हे, असे म्हणून न्यायालयाने त्याची सुटका केली. हा निकाल २००४ च्या न्यायनिवाड्यांच्या संग्रहात छापलेला आहे.

त्यातून आपण घ्यायचा बोध असा: झाडे ओळीत आहेत का, आळी केली आहेत का, ठिबकची नळी तेथवर नेली आहे का, शेत प्रत्यक्ष कोण कसत होते, या गोष्टी कोर्ट पाहते. पण हा न्याय शेवटच्या पायरीवर मिळाला. खालपासून वरपर्यंतच्या पायऱ्या चढताना त्या घराचे काय झाले असेल, ते निकालपत्रात लिहिलेले नसते.

‘बी मी देतो, माल मी उचलतो’

गांजाचे बी शेतकऱ्याच्या दारात आपोआप येत नाही. कोणी तरी येतो, गोड बोलतो, उचल म्हणून काही रक्कम हातावर ठेवतो. ‘चार सरी लाव, कपाशीत कोणाला दिसणार आहे? माल मी शेतातून उचलीन.’ हंगाम बुडालेला असतो, सावकार दारात असतो, मुलीचे लग्न ठरलेले असते. माणूस मोहात पडतो.

पैसा पुरवणारालाही हा कायदा सोडत नाही. कटात सामील होणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा, आणि असल्या धंद्याला पैसा लावणाऱ्याला १० ते २० वर्षे, असे कलम आहे. पण ते सिद्ध व्हायला तो सापडावा तर लागतो! त्याचे खरे नाव तुम्हाला ठाऊक नसते, कागद झालेला नसतो, फोन दुसऱ्याच्याच नावावर निघतो. झाड मात्र जागचे हलत नाही. ते तुमच्या गटात, तुमच्या विहिरीच्या पाण्यावर उभे असते. सातपुड्याच्या कुशीत, धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, वनजमिनीवरील गांजावर पोलिसांच्या कारवाया अनेक वर्षे होत आल्या आहेत. व्यापारी शहरात असतो. झाडांजवळ सापडतो तो राबणारा माणूस.

शेतीमालाच्या भावाचे दुखणे मला माहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ‘कोणत्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या’ असा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. कांदा रस्त्यावर ओतावा लागला की माणसाच्या तोंडून असेच शब्द निघतात. पण त्याने अर्ज केला, चोरून बी टाकले नाही, हेही लक्षात घ्या.

गांजाएवढे पैसे देणारे दुसरे पीक मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडा. एका बाजूला हातावर पडणारी उचल लिहा. दुसऱ्या बाजूला वकिलाची फी, बुडालेले दोन हंगाम, तारखांना जाण्यायेण्याचा खर्च, थकलेले कर्ज, मोडलेली सोयरीक आणि शाळेत पोराला ऐकावे लागणारे बोल लिहा. मग बेरीज करा. तोट्यात गेलेली सोयाबीन पुढच्या वर्षी भरून निघू शकते. तुरुंगात गेलेले वर्ष कोणत्या हंगामात भरून काढणार?

झाड ओळखावे कसे?

अकारण घाबरू नये म्हणून हेही सांगतो. गांजाचे पान हाताच्या पंजासारखे असते. एका देठावर पाच, सात किंवा नऊ लांबट पात्या, कडा करवतीसारख्या. पान चोळले तर उग्र वास येतो. आपल्या अंबाडीचे पान पुष्कळसे असेच दिसते. इतके, की शास्त्रज्ञांनी अंबाडीच्या नावातच ‘कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी, असा शब्द घातला आहे. पण अंबाडीला मोठे पिवळट फूल येते, मध्यभागी गर्द जांभळा ठिपका असतो. अंबाडी खुशाल लावा, भाजी करा.

अफूचे झाड रब्बीतले. पाने राखट हिरवी, खोडाला बिलगलेली; फूल पांढरे, गुलाबी किंवा जांभळट, पाकळ्या चार; नंतर मुकुट घातल्यासारखे गोल बोंड. कांदा, लसूण, मका यांच्या आड ते लपवले जाते. पडीक रानात उगवणारा काटेरी पिवळा धोत्रा त्याच कुळातला, पण त्यावर या कायद्याची बंदी नाही.

एवढे कराच

१. पीक उंच झाल्यावर प्रत्येक हंगामात निदान दोनदा शेताच्या मध्यापर्यंत फिरा. ओढ्याकाठ, विहिरीमागची जागा, उसाचा गाभा हे विशेष पाहा.

२. शेत वाट्याने देताना दोन साक्षीदारांसमोर कागद करा. कूळ लागेल या भीतीने कागद टाळू नका. वकिलाला विचारून मजकूर ठरवा. कोणते पीक घ्यायचे ते त्यात लिहा. ई-पीक पाहणीची नोंदही वेळेवर करा. वेळ आलीच तर हे कागद तुमच्या बाजूने बोलतील.

३. अनोळखी माणसाचे, नाव नसलेले, पावती नसलेले बी शेतात पाडू नका.

४. संशयाचे झाड दिसले तर ते उपटून घरी आणू नका, वाळवू नका, कोणाला देऊ नका. उपटून ठेवलेला माल तुमच्या ताब्यातला माल ठरतो. झाड आहे तसे राहू द्या, पोलीस पाटलांना सांगा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. ११२ वर किंवा केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या १९३३ या क्रमांकावरही खबर देता येते.

५. दुर्दैवाने घरातल्या कोणाला अटक झाली, तर वाचून समजल्याखेरीज कशावरही सही-अंगठा करू नका. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. कोठडीतील माणसाला, तसेच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे वकील मोफत मिळतो. त्यांचा दूरध्वनी १५१०० आहे. दलालामागे धावून जमीन गहाण टाकण्यापूर्वी तेथे जा.

६. घरातल्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पुष्कळ ठिकाणी जमीन सासूच्या, बायकोच्या नावावर असते आणि पीक ठरवतात पुरुष. ज्या सातबाऱ्यावर तुमचे नाव आहे त्या शेतात काय उभे आहे हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारा. उत्तर टाळले गेले तर स्वतः जाऊन पाहा.

तूर फुलोऱ्यावर येण्याआधी, येत्या रविवारी, घरातली दोन माणसे बरोबर घेऊन बांधाच्या आत एक फेरी मारा. शेंडेअळी दिसली तर फवारणीचे मला विचारा. दुसरे काही दिसले तर त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी, पोलीस ठाण्याची पायरी चढा.